रेवाला हसलो, विचारले काय?

वाचकहो, बेंगळुरूत २००१ साली रेवा ही विजेवरची छोटी मोटार विक्रीला आली, तेव्हा लोकांनी तिला खेळण्यात काढले. हसू यावे अशीच होती म्हणा! लांबी जेमतेम पावणेनऊ फूट, दोन दारे, अंगावर पत्र्याऐवजी प्लास्टिक, मागे पोरेच कशीबशी बसणार. पण घरच्या प्लगवर रात्री चार्ज केली की शहरातली रोजची ये-जा ती भागवायची. तिकडे फारसे कोणी बघितले नाही.

लंडनला हीच गाडी ‘जी-विझ’ नावाने गेली. टिंगल तिथेही झाली. पण शहराच्या मध्यभागी शिरायचा कर माफ, म्हणून शेकडोंनी घेतलीही. मग २००७ साली एका इंग्रजी मोटार मासिकाने ती आपटून पाहिली. आतल्या माणसाची धडगत नाही, असे दिसले. कायद्याने ती मोटार नव्हतीच, हलके चारचाकी वाहन होते. त्यामुळे मोटारीची टक्कर-चाचणी तिला सक्तीची नव्हती. लोक रूपाला हसत बसले आणि विचारायचे ते राहून गेले.

हे पुराण आज सांगायचे कारण, आपल्याकडेही विजेचे टेम्पो, रिक्षा येऊ लागल्या आहेत. पारावर चर्चा कशाची? तोंडवळ्याची! अहो, दहा गोणी कांदा घेऊन घाट चढेल का, ते विचारा. बॅटरी बसली तर नवी कितीला? गॅरंटी कागदावर आहे का? मेकॅनिक तालुक्यात, की पुण्याला? आणि रात्री लाईट गेली, तर सकाळच्या लिलावाला माल न्यायचा कसा?