निवारा आणि आडनाव

दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीने १९४३ ते १९४८ या काळात आसरा दिला. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. बराकींबरोबर शाळा व चर्चही उभे राहिले. म्हणूनच त्या छावणीचे गाव झाले.

आज सातपाटी, पालघर, बोईसर परिसरात पोटासाठी आलेला माणूस भाड्याची खोली शोधतो. त्याला आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. या निवासी शाळेच्या छताखाली वाढलेले अनेक माजी विद्यार्थी आता घरमालक आहेत. त्यांनी तरी आडनाव न विचारता किल्ली हाती द्यावी. शाळेचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.