घोड्यावरील मांड आणि मनाची मांड



“घोडामैदान जवळच आहे” ही म्हण परीक्षेचे दिवस आले कीं घरोघर ऐकूं येते. परंतु म्हणींतील घोडा आणि मैदान यांची प्रत्यक्ष ओळख आपणांपैकीं फारच थोड्यांस असते. शहरांत घोडा दिसतो तो वरातीच्या दिवशीं, आणि खेड्यांतही त्याची जागा आतां फटफटीनें घेतली आहे. अशा काळीं मुलांनीं घोड्यावर बसण्यास शिकावें असें म्हटलें, तर “त्याचा उपयोग काय?” असा प्रश्न येणारच. आमचें उत्तर असें कीं, उपयोग प्रवासाचा नव्हे, शिक्षणाचा आहे. भित्र्या मनास धीर कसा येतो, हें घोड्याची पाठ जितक्या स्पष्टपणें शिकविते, तितकें दुसरें क्वचितच कांहीं शिकवीत असेल. म्हणून ज्यांस संधि मिळेल अशा मुलामुलींनीं ही विद्या अवश्य शिकावी, आणि पालकांनीं आपली भीति त्यांच्या खोगिरावर लादूं नये, असें आमचें मत आहे.

महाराष्ट्रास ही विद्या परकी नाहीं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे शब्द इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतोंच. १७२८ सालीं पालखेड येथें पहिल्या बाजीरावानें निजामास कोंडीत पकडिलें, तें मुख्यतः घोडदळाच्या वेगवान हालचालींच्या बळावर. तथापि पूर्वजांच्या घोडदौडीचा अभिमान बाळगणें सोपें आहे. मांड मात्र वारशानें मिळत नाहीं, ती प्रत्येकास नव्यानें कमवावी लागते. ती कमविण्याचीं साधनें अगदींच दूर आहेत असेंही नाहीं. आपल्या नाशकांत १९३७ सालीं स्थापन झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्यें घोडेस्वारी शिकविली जाते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत छात्रांस अश्वारोहणाचे धडे मिळतात, आणि २०२२ पासून तेथें मुलींसही प्रवेश आहे.

आतां प्रत्यक्ष विद्येकडे वळूं. घोड्याच्या संथ चालींत चारही पाय एकामागून एक पडतात व चार ठोके ऐकूं येतात. दुडकींत तिरपे असलेले दोन दोन पाय एकदम पडतात, म्हणून ठोके दोनच. त्यापुढील पायरी म्हणजे मंद दौड; इंग्रजींत तिला कँटर म्हणतात. इंग्लंडांत कँटरबरी येथें संत थॉमस बेकेट यांच्या समाधीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू ज्या बेताच्या गतीनें घोडे हांकीत, तीवरून हें नांव पडलें. ही चाल तीन ठोक्यांची आहे. तिसरा ठोका पडल्यावर क्षणभर घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. नवशिक्या स्वाराची छाती धडधडते ती याच क्षणीं. गंमत अशी कीं, दुडकींत हाडें खिळखिळीं होतात, तर मंद दौड झोपाळ्याप्रमाणें हलकी असते. परंतु झोपाळ्याचें सुख ज्यानें अंग सैल सोडिलें त्यालाच मिळतें.

भ्यालेला स्वार नेमकें उलट करितो. तो पुढें वांकतो, श्वास रोखून धरितो, गुडघे आवळतो, टांचा वर उचलितो आणि लगाम ओढून धरितो. घोडा हा कळपांत राहणारा आणि संकट दिसतांच पळून जीव वांचविणारा प्राणी आहे. त्याच्या कातडीस एक माशी बसलेली कळते. मग पाठीवरील माणसाचें थरथरणें त्यास कसें न कळावें? टांचा रुतल्या म्हणजे तो समजतो, “पळ” अशी आज्ञा झाली. लगाम ओढला म्हणजे समजतो, “थांब” म्हणून सांगितलें. एकाच वेळीं दोन विरुद्ध हुकूम मिळाल्यावर तो बिथरला, तर दोष कोणाचा? घोडा अवखळ आहे असें आपण म्हणतों. पुष्कळदां अवखळ असतें तें आपलेंच मन.

यावर उपाय “भिऊं नको” असा उपदेश करणें हा नव्हे. उपदेशानें भीति गेली असती तर जगांत भित्रा कोणीच उरला नसता. चांगला शिक्षक लांब दोरीवर घोडा धरून तो वर्तुळांत फिरवितो आणि शिकाऊ स्वाराच्या हातांतून कांहीं वेळ लगाम काढून घेतो. घोड्याचा ताबा शिक्षकाकडे राहतो, आणि मुलास फक्त आपला तोल शोधावयाचा असतो. संथ चाल अंगवळणीं पडली कीं दुडकी. दुडकींत मांड स्थिर झाली कीं तीन-चार ढांगांची दौड, आणि लगेच पुन्हा दुडकी. दुसरे दिवशीं दहा ढांगा. थांबवितां येतें अशी खात्री पटली, म्हणजेच दौडण्याची हिंमत येते. आधीं धैर्य आणि मग दौड, असा क्रम नाहीं. लहान लहान दौडींतूनच धैर्य सांचत जातें. जो शिक्षक मुलास हिणवून पहिल्याच आठवड्यांत घोडा पळवावयास लावितो आणि जो महिनोन् महिने दोरी सोडीतच नाहीं, ते दोघेही सारखेच चुकतात.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. मूल दौड शिकत असतां कुंपणापाशीं उभें राहून “अरे, सांभाळ! पडशील!” असें ओरडूं नका. त्या ओरडण्यानें मूलही दचकतें आणि घोडाही. काळजी घ्यावयाची ती आधींच घ्यावी. घोडा शांत व शिकविलेला आहे काय, शिक्षक जाणता आहे काय, डोक्यावर नीट बसणारें हेल्मेट आणि पायांत टांचेचे बूट आहेत काय, तंग घट्ट आहे काय, हें पाहावें; मग स्वस्थ राहावें. मूल कधीं पडेलही. दुखापत नसेल तर त्याच दिवशीं त्यास पुन्हा खोगिरावर बसवावें, म्हणजे रात्रभर भीति वाढत नाहीं. परंतु डोक्यास मार लागला असेल तर डॉक्टरांच्या अनुमतीवांचून मुळींच बसवूं नये. तेथें धीटपणा दाखविणें हा मूर्खपणा होय.

मुलींच्या बाबतींत “नाजूक आहे” ही सबब तर कोणीं सांगूंच नये. ऑलिंपिकमधील अश्वारोहणांत स्त्रीपुरुष एकमेकांविरुद्ध बरोबरीनें उतरतात. २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत भारताच्या चार स्वारांनीं ड्रेसाज या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांत सुदीप्ती हजेला व दिव्यकृती सिंह या दोन तरुणी होत्या. आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचें उदाहरण तर प्रत्येक मुलानें मनांत जपावें. १९४४ सालीं पोलिओनें त्यांच्या गुडघ्यांखालील पायांची शक्ति गेली. घोड्यावर चढण्यासही त्यांस दुसऱ्यांची मदत लागे. तरीही चिकाटीनें पुन्हा स्वारी शिकून १९५२ सालीं हेलसिंकी येथें आणि पुन्हा १९५६ सालीं त्यांनीं ऑलिंपिक रौप्यपदक पटकाविलें. पायांत बळ नव्हतें, पण मांड होती.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. घोडा हें आपल्या धैर्याच्या प्रयोगाचें निर्जीव साधन नव्हे. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं झेनोफोन या ग्रीक लेखकानें अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, अशी त्याची शिकवण आहे. शिकण्यास जाणाऱ्या मुलानें बसण्यापूर्वीं घोड्यास खरारा करावा, त्याचे खूर पाहावे, उतरल्यावर त्याच्या दाणापाण्याची चौकशी करावी. ज्याची सेवा केली त्याची भीति आपोआप ओसरते.

प्रत्येकास घोडा मिळणार नाहीं, हें आम्ही जाणतों. हा खर्च पुष्कळ कुटुंबांस न झेपणारा आहे. परंतु गणिताचें अवघड उदाहरण, संमेलनांतील पहिलें भाषण, नदींतील पहिली उडी, येथेंही तीच रीत लागू पडते. थोडें पुढें जावें, थांबतां येतें अशी खात्री करून घ्यावी, आणि पुन्हा थोडें पुढें जावें. ज्या घरीं ऐपत आणि संधि दोन्ही आहेत, त्या घरच्या पालकांनीं येत्या सुट्टींत मुलामुलींस एकदां मैदानावर अवश्य न्यावें, आणि स्वतः कुंपणाबाहेर शांत उभें राहण्याचा सराव करावा.