रामदऱ्याच्या पुढे पाणी कधी?

प्रति,
मा. राणाजगजितसिंह पाटील,
आमदार, तुळजापूर

विषय : कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्प आणि सभागृहातली आपली जबाबदारी

राणादादा,

कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाची ओळख आपल्याला करून देण्याची गरज नाही. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात तो आपल्याइतका कुणालाच तोंडपाठ नसेल. कृष्णा खोऱ्यातले 23.66 टीएमसी पाणी, त्यातले पहिल्या टप्प्याचे 7 आणि उरलेले 16.66 हे आकडे तर एस.टी.च्या थांब्यावर उभा असलेला माणूसही सांगेल, कारण इथली एक अख्खी पिढी ते ऐकत म्हातारी झाली. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, प्रत्येक निवडणुकीत हे पाणी जाहीरनाम्यात आले. तरीही कोणत्या गावाला, किती हेक्टरला, कोणत्या महिन्यात पाणी मिळणार याचे लेखी आणि सरकारला बांधून घालणारे उत्तर जिल्ह्यासमोर आलेले नाही. ते मिळवणे हे आमदाराचे काम आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

आपल्या घराण्याला या जिल्ह्याने जे दिले ते थोडक्यांच्या वाट्याला येते. डॉ. पद्मसिंह पाटील 1978 पासून 2009 पर्यंत इथून विधानसभेवर जात राहिले, मंत्री झाले, पाटबंधारे खातेही त्यांच्याकडे होते, पुढे ते खासदार झाले. आपण विधान परिषदेवर गेलात, राज्यमंत्री झालात, 2014 मध्ये उस्मानाबादेतून आमदार झालात. 2019 मध्ये लोकसभेला पराभव झाला. त्याच वर्षी आपण राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेलात आणि मधुकरराव चव्हाणांसारख्या मुरलेल्या नेत्याला हरवून तुळजापूर जिंकलेत. 2024 मध्ये तुळजापूरने आपल्याला पुन्हा निवडून दिले. आज आपण सत्ताधारी पक्षात आहात आणि राज्याच्या नियोजनासाठी स्थापन केलेल्या ‘मित्र’ संस्थेच्या उपाध्यक्षपदाची जबाबदारीही आपल्याला मिळाली. साडेचार दशकांची ही शिदोरी पाठीशी असलेल्या घराला ‘वरून निधी आला नाही’ हे कारण शोभत नाही. वर आपलीच माणसे आहेत.

आता हिशेबाकडे वळतो. प्रकल्पाचा सुरुवातीचा अंदाज 2,382 कोटी रुपयांचा होता. 2009 मध्ये तो 4,845 कोटींवर गेला आणि 2022 मध्ये सुधारित मान्यता मिळाली तेव्हा 11,700 कोटींच्या पुढे पोहोचला. किंमत जवळपास पाचपट झाली, पाणी मात्र पहिल्या टप्प्यात तेच राहिले : 7 टीएमसी. त्यातलेही 5.32 टीएमसी आपल्या जिल्ह्याचे आणि 1.68 टीएमसी बीडमधल्या आष्टीचे. पहिल्या टप्प्यात दोन्ही जिल्हे मिळून भिजणार सुमारे 34 हजार हेक्टर. आठ तालुक्यांच्या आणि 2011 च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यासाठी ही मागणी मुळातच माफक आहे. ज्या उजनी धरणातून हे पाणी यायचे त्याची एकूण क्षमता 117 टीएमसी आहे. आपण बोलतो आहोत ते त्याच्या सहा टक्क्यांइतक्या पाण्याबद्दल. उशिराची किंमत सरकारी कागदावर कोटींत दिसते. शेतकऱ्याच्या घरी ती बाग न लावण्यात दिसते आणि मुलगा पुण्याला कामाला पाठवण्यात दिसते.

सुधारित मान्यतेसाठी आपण पाठपुरावा केला आणि त्यानंतर कामांना गती आली, हे नाकारण्याचे कारण नाही. नीरा-भीमा बोगदा, जेऊर बोगदा, सीना-कोळेगाव, आणि इकडे घाटणे बॅरेजपासून सिद्धेश्वर वडगाव, पांगरदरवाडी करत तुळजापूरजवळचा रामदरा तलाव : या साखळीतली कामे पुढे सरकली. पण गेली काही वर्षे सगळी चर्चा रामदऱ्यापाशीच येऊन थांबते. तलावात पाणी येण्याच्या तारखा जाहीर होतात, उलटतात, नव्या जाहीर होतात. रामदरा तलाव म्हणजे शेत नव्हे. तिथून पुढची वितरण व्यवस्था, लोहारा-उमरग्यापर्यंतचा पल्ला, भूम-परंड्याची स्वतंत्र योजना या गोष्टी त्या एका तलावाच्या पूजनात झाकल्या जाऊ नयेत. उपसा योजनेत आणखी एक प्रश्न असतो आणि त्यावर कुणी बोलत नाही : विजेचे बिल कोण भरणार? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना उभ्या राहूनही थकबाकीपायी वारंवार बंद पडल्या. शेवटी 81 टक्के बिल सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे असे सूत्र ठरवावे लागले. बालाघाटाच्या डोंगरावर पाणी चढवायला टप्प्याटप्प्याने पंप चालणार आहेत. ते कुणाच्या पैशावर चालतील, हे पंप बसण्याआधी ठरले पाहिजे.

आपल्या बाजूने जे सांगितले जाते तेही तपासतो. पहिले म्हणणे असे की सोलापूरचा विरोध आहे, उजनीचे पाणी तिकडेच पुरत नाही. सोलापूरच्या शेतकऱ्याची भीती समजण्यासारखी आहे, पण या 7 टीएमसीचे नियोजन नीरेतले जादा पाणी बोगद्याने भीमेत आणण्यावर उभे आहे. म्हणजे सोलापूरच्या वाट्याला हात न लावता हे होऊ शकते, आणि ते सोलापूरला पटवून देणे हे सत्ताधारी आमदाराचे काम आहे. दुसरे म्हणणे कृष्णा पाणीवाटप लवादाचे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी दिले, ब्रिजेशकुमार लवादाचा 2010 चा निवाडा न्यायालयीन वादात अडकला. हे कारण उरलेल्या 16.66 टीएमसीला लागू पडेल. पहिले 7 टीएमसी राज्याने स्वतः उपलब्ध पाणी म्हणून मंजूर केले आहेत. तिसरे म्हणणे असे की 2019 ते 2022 मध्ये सरकार दुसऱ्यांचे होते. खरे आहे, आणि त्या अडीच वर्षांचा जाब खासदार ओमराजे निंबाळकर आणि त्यांच्या पक्षाच्या आमदारांनी द्यायला हवा. पण उरलेल्या वर्षांचा जाब त्यामुळे माफ होत नाही. चौथे म्हणणे 2025 च्या पुरानंतर ऐकू येऊ लागले : भूम-परंड्यात महापूर आला, आता पाण्याची ओरड कशाला? सप्टेंबरचा पूर सीनेतून वाहून जातो. जाताना माती, पिके आणि जनावरे नेतो. एप्रिलमध्ये पिकाला द्यायचे पाणी त्यातून उरत नाही.

भूगोलही जिल्ह्याच्याच बाजूने साक्ष देतो. कळंब-वाशीचे पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीला जाते, परंडा-भूमचे सीनेतून आणि तुळजापूरचे बोरीतून भीमेला, म्हणजे कृष्णेला मिळते. कृष्णा खोऱ्यातला हा भाग आपल्याच खोऱ्यातला वाटा मागतो आहे. तरीही 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. कृष्णाकाठचे पाणी मराठवाड्यात आले ते वाघिणींतून, माणसांना प्यायला. कागदावरच्या कालव्यांच्या जिल्ह्यांत या मागणीचा यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणायचा?

आमदाराच्या हातात काय असते, असे विचारले जाते. तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, अर्धा तास चर्चा असते, आश्वासन समिती असते. मंत्री सभेत बोलला तर ती बातमी होते. सभागृहात बोलला तर ते आश्वासन होते आणि त्याच्या पूर्ततेचा हिशेब समिती मागू शकते. हा फरक आपल्याला सांगायला नको. खर्चाच्या आकड्यांवर समाधान मानले की काय होते हेही राज्याने पाहिले आहे. 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालातून दिसले की दहा वर्षांत हजारो कोटी खर्चूनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे 0.1 टक्का वाढले होते. म्हणून ‘इतके कोटी मंजूर’ या वाक्यावर हा जिल्हा आता टाळ्या वाजवणार नाही. हेक्टर सांगा.

यासोबत वैधानिक विकास मंडळाचाही विचार व्हावा. घटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये मंडळे आली, मराठवाड्याच्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला. केंद्रात आणि राज्यात आपलाच पक्ष सत्तेत असताना हा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळला. अनुशेष मोजणारी घटनात्मक यंत्रणाच नसेल तर अनुशेष नाहीच, असे म्हणायला सरकार मोकळे होते. 1984 च्या दांडेकर समितीपासून मराठवाडा जे मोजून दाखवत आला, ते मोजणेच थांबले. नीती आयोगाने 2018 मध्ये ज्या चार जिल्ह्यांना महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे ठरवले त्यांत आपला जिल्हा आहे, हे विसरू नका.

मागण्या अशा. येत्या अधिवेशनात जलसंपदा मंत्र्यांकडून घाटणे-रामदरा, भूम-परंडा आणि आष्टी या तीनही उपसा योजनांचे निवेदन पटलावर ठेवून घ्या : प्रत्येक टप्प्याची अंतिम तारीख, दरवर्षी लागणारा आणि प्रत्यक्ष मिळालेला निधी, गावनिहाय हेक्टर, वीजबिलाची तरतूद, भूसंपादनाचा थकलेला मोबदला. ते निवेदन आश्वासन म्हणून नोंदवून घ्या. दर तीन महिन्यांनी त्याची प्रगती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावून घ्या. आणि 16.66 टीएमसीबद्दल राज्याची न्यायालयातली भूमिका काय, हे सभागृहातच विचारा.

दादा, पक्ष कोणता आणि मंत्रिपद मिळाले की नाही, यावर आपली कारकीर्द हा जिल्हा तोलणार नाही. उमरग्याच्या शेवटच्या शेतात कृष्णेचे पाणी कोणत्या वर्षी पोहोचले, यावर तोलेल. ते वर्ष सभागृहात लिहून घ्या. तोवर सत्कार स्वीकारू नका, हीच विनंती.

आपल्या जिल्ह्यातला एक मतदार