थरथर कोणाची?

मालवणच्या पट्ट्यात आज कॅमेऱ्यावर पोट भरणारी किंवा भरू पाहणारी बरीच तरुण पोरं आहेत. तारकर्ली-देवबागला पर्यटक येतात, वाळूत लग्नाआधीची शूटिंग चालते, दशावताराचे प्रयोग रातोरात युट्यूबवर चढतात, आणि जत्रा, लग्नं, निकाह आहेतच. यातले बहुतेक जण कॅमेरा हप्त्यावर घेतात. हप्ता बांधताना एक शब्द त्यांच्या गळ्यात हमखास मारला जातो: इमेज स्टॅबिलायझेशन. दुकानदार सांगतो, "हे नसेल तर कॅमेरा घेऊच नका." गावातला जुना फोटोवाला हसून म्हणतो, "हात घट धर, फोटो साफ येतलो." दोघेही ठासून बोलतात. आणि फोटो नेमका कशामुळे हलतो, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

फोटो हलण्याची कारणं दोन आहेत. एक, आपला हात थरथरतो. दोन, समोरची वस्तू हलते. स्टॅबिलायझेशनचा इलाज फक्त पहिल्यावर चालतो. कॅमेऱ्यातला छोटा जायरो हाताची थरथर ओळखतो आणि लेन्समधलं एक भिंग किंवा मागचा सेन्सर उलट दिशेने सरकवतो. बस, एवढंच. समोर उडी मारणाऱ्या माणसाला तो थांबवू शकत नाही.

जाहिरातीत 'पाच स्टॉप', 'सात स्टॉप', 'आठ स्टॉप' असे आकडे असतात. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा. हे आकडे खोटे नसतात, पण ते मोजतात कसे ते पाहा. कॅमेरा बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या 'सिपा' या संघटनेने २०१२ साली त्याची पद्धत ठरवून दिली. माणसाच्या हातासारखा हलणाऱ्या यंत्रावर कॅमेरा बसवायचा आणि समोरच्या स्थिर तक्त्याचा फोटो काढायचा. समोर कुणी संकासुर नाचवत नाही!

आता आपल्या किनाऱ्यावरची कामं एकेक घेऊ. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी समुद्रावर चांद शोधणाऱ्याच्या हातात ३०० मिमीची लेन्स आहे. जुना ठोकताळा सांगतो, ३०० मिमीला शटर किमान १/३०० सेकंद हवं. तिन्हीसांजेला तेवढा उजेड कुठला? इथे चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन असेल तर १/२० पर्यंत उतरता येतं, कारण चंद्रकोर तेवढ्या वेळात जागची हलत नाही, हलतो तो आपला हात. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराच्या मंदिरातला अंधूक गाभारा टिपतानाही तेच. इथे पैसे वसूल.

पण दशावतारात? मंचावरचा राजा गिरकी घेतो, तलवारी भिडतात, संकासुर उड्या मारतो. तिथे १/२५० च्या आसपास शटर लागतं. ते १/१५ वर आणलंत तर मागचा पडदा काचेसारखा स्पष्ट आणि राजाचं भूत! पहाटे रापण ओढणारी माणसं, हॉलच्या पिवळ्या दिव्यात मिठी मारणारे व्याही, सगळीकडे हाच हिशेब.

या कामांना उजेड हवा, आणि उजेड लेन्सच्या तोंडातून येतो. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स पुढे ताणली की साधारण एफ ५.६ वर येते. ५० मिमी एफ १.८ ही छोटी लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. जिथे १/२५ मिळत होतं तिथे १/२५० मिळतं. हातही थांबतो आणि माणूसही थांबतो. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही लेन्स सर्वांत स्वस्तांपैकी एक असते. दुकानदार तिचं नाव आधी का घेत नाही, हे ज्याचं त्याने ओळखावं.

किमतीचंही बोलू. सोनीचा ए६४०० हा २०१९ साली अमेरिकेत ९०० डॉलरला आला. त्याच वर्षी आलेल्या ए६६०० ची किंमत होती १४०० डॉलर. सगळा फरक स्टॅबिलायझेशनचा नव्हता, मोठी बॅटरीही होती. पण दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, आणि दुकानात दोघांत फरक म्हणून पहिलं बोट ठेवलं जायचं ते स्टॅबिलायझेशनवर. उलट निकॉनने २०१६ साली ७०-३०० मिमीची एकच लेन्स दोन प्रकारांत काढली, स्टॅबिलायझेशनशिवाय ३५० डॉलर, त्याच्यासह ४०० डॉलर. लांबच्या लेन्सवर ५० डॉलर न देणं हा कंजूषपणा आहे. लग्नाच्या फोटोंसाठी बॉडीवर ५०० डॉलर जादा देणं ही उधळपट्टी आहे. शब्द एकच, सौदे मात्र दोन टोकांचे.

मी हे एवढं तावातावाने लिहितो आहे, कारण या किनाऱ्यावर फोटो नुसता शौक किंवा धंदा उरलेला नाही. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा झगडा इथल्या प्रत्येक बंदराला ठाऊक आहे. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ साली राज्याचा कायदाही कडक झाला. तरी समुद्रात रात्री दिव्यांचे लखलखाट दिसल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. तक्रार करायची तर कुठली नौका, हा पहिला प्रश्न येतो. छोट्या होडीतल्या मच्छीमाराकडे त्याचं उत्तर म्हणून बऱ्याचदा एक फोटो असतो, आणि त्या फोटोत नौकेचा नंबर वाचता येत नसेल तर तो फोटो नसल्यातच जमा.

अशा माणसाला "स्टॅबिलायझेशनवाला घ्या, काम झालं" असं सांगणं ही फसवणूक आहे. दिवसा लांबच्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन त्याला खरोखर उपयोगी पडेल. नौका चौकटीत धरून ठेवता येईल, व्हिडिओ पाहण्याजोगा होईल. पण रात्री आपली होडी वर-खाली होते, समोरची नौका पळते, आणि हा सगळा झोल हाताच्या थरथरीहून कितीतरी मोठा असतो. तिथे आयएसओ ६४०० पर्यंत चढवायचा, शटर १/२५० च्या खाली येऊ द्यायचं नाही. कोपर होडीच्या काठावर टेकायचं नाही, इंजिनाचा हादरा थेट कॅमेऱ्यात जातो. फोटो दाणेदार येईल, येऊ दे. दाणेदार नंबर वाचता येतो, हललेला वाचता येत नाही. हे शिकायला हप्ता लागत नाही.

आता जुन्या फोटोवाल्यांशी दोन शब्द. फिल्मच्या काळात तुम्ही श्वास रोखून, खांबाला टेकून कामं केलीत, त्याला सलाम. पण घट्ट हात ही काही मर्दुमकीची परीक्षा नाही. साठीतल्या स्टुडिओवाल्याचा हात कापतो, दिवसभर जाळं ओढलेल्या माणसाचाही कापतो. त्याला यंत्राचा आधार मिळत असेल तर त्यात कमीपणा कसला? कॅननने १९९५ साली ही सोय पहिल्यांदा एसएलआरच्या लेन्समध्ये आणली, तीही ७५-३०० मिमीच्या, म्हणजे लांबच्या लेन्समध्ये. गरज कुठे जास्त आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. चालता-बोलता हातात धरून व्हिडिओ काढणाऱ्यांनीही हे पैसे खुशाल द्यावेत.

बाकीच्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी आपले मागचे पन्नास बिघडलेले फोटो उघडून बसावं. सगळीच चौकट हललेली असेल तर थरथर तुमच्या हाताची आहे, स्टॅबिलायझेशनला पैसे द्या. मागची भिंत साफ आणि माणूसच पुसट असेल, तर हात बरोबर आहे. पैसे मोठ्या तोंडाच्या लेन्सला द्या. आणि भिंतही साफ, माणूसही साफ, तरी फोटो फिका वाटत असेल, तर तो हप्ता वाचवा आणि पहाटे रापणीवर जा.