पुठ्ठ्याला एवढं बळ येतं कुठून?

दोस्तांनो, एप्रिल-मे महिन्यात खेडजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला उभे राहा. आंब्याच्या खोक्यांनी भरलेले टेम्पो आणि ट्रक कशेडीच्या दिशेने जाताना दिसतील. निघालेत वाशीच्या बाजाराला! एकावर एक सात खोकी रचली आहेत असं समजा. सर्वांत खालच्या खोक्यावर किती भार येत असेल, सांगा पाहू?

चला, हिशोब करू. पाव किलोचा एक आंबा, खोक्यात दोन डझन आंबे, म्हणजे ६ किलो. वर सहा खोकी, म्हणजे ३६ किलो. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा त्या खोक्यावर बसून वाशीपर्यंत गेल्यासारखंच झालं की! तरीही आतला आंबा चेपत नाही. कारण हा भार आंब्यावर येतच नाही, तो पेलतात खोक्याच्या भिंती.

पूर्वी हे काम लाकूड करायचं. आजी-आजोबांना विचारा. आंब्याची पेटी म्हणजे फळ्या, खिळे आणि आत भाताचा पेंढा. पेटी भक्कम खरी, पण जड. शिवाय तिच्यासाठी झाडं तोडावी लागत. त्यात रायवळ आंब्याचीही झाडं असत. आंबा पाठवायला आंब्याच्याच झाडावर कुऱ्हाड! आता बरेचसे आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातात. 'पेटी' हा शब्द मात्र अजून टिकून आहे.

एखादं रिकामं खोकं घ्या आणि त्याच्या पुठ्ठ्याची कड नीट पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद दिसेल. कोकणात घरांवर पन्हळी पत्रा असतो ना, अगदी तसाच. या नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं. कशासाठी? उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला! १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. १८७४ साली ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाची जोड दिली.

आता हे करून पाहा. दोन पेले थोड्या अंतरावर ठेवा आणि वहीचा एक कोरा कागद त्यांच्यावर पुलासारखा ठेवा. मधोमध एक नाणं ठेवलंत, की पूल वाकेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या चुण्या पाडा आणि पुन्हा ठेवा. या वेळी बरीच नाणी मावतील. कागद तोच, वजन तेच, बदलला तो फक्त आकार. पुठ्ठ्याचं सगळं बळ त्या आकारातच आहे.

परदेशी माल पाठवताना पुठ्ठ्याचा आणखी एक फायदा होतो. कच्च्या लाकडात किडे आणि त्यांच्या अळ्या लपून दूरदेशी जातात आणि तिथल्या झाडांवर पडतात. म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला. पेटीचं लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवायचं किंवा त्यावर ठरलेली दुसरी प्रक्रिया करायची आणि मग शिक्का मारायचा. पुठ्ठ्याला ही अट नाही. त्यामुळे मालाखाली ठेवायचा पाट, म्हणजे पॅलेट आणि मोठे हौदासारखे खोकेसुद्धा आता पुठ्ठ्याचे मिळतात. विमानात वजनावर पैसे मोजावे लागतात, तिथे हा हलका पाट परवडतो. उघड्यावर भिजणाऱ्या मालाला किंवा फार जड पिंपांना मात्र लाकूड नाहीतर प्लॅस्टिकच बरं.

कारण पुठ्ठ्याचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. नुसत्या फार दमट हवेतही त्याचं बळ निम्म्यावर येऊ शकतं आणि कोकणातली मे महिन्याची हवा तर तुम्हाला ठाऊकच आहे! खालचं एक खोकं बसलं, की आंबे फुटतात. त्यांचा रस शेजारच्या खोक्यात मुरतो, मग तेही मऊ पडतं. मोहोरापासून राखलेला बागायतदाराचा माल असा एका रात्रीच्या प्रवासात मातीमोल होतो.

म्हणून थप्पी लावण्यातही शहाणपण लागतं. भिंत बांधताना आपण विटांचे सांधे चुकवतो. खोक्यांचं उलट असतं! कोपऱ्यावर कोपरा यायला हवा, कारण सर्वांत जास्त भार कोपरेच पेलतात. खोकी आडवीतिडवी रचली, की वरचा कोपरा खालच्या भिंतीच्या नाजूक मध्यावर येतो.

आता तुमच्यासाठी आणि आईबाबांसाठी एक काम. आंबे संपले की खोकं ओल्या कचऱ्यात टाकू नका. चिकटपट्टी काढा, खोकं सपाट करा, कोरडं ठेवा आणि रद्दीवाल्याला द्या. त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनतो. प्रत्येक वेळी कागदाचे तंतू थोडे आखूड होतात, म्हणून त्यात अधूनमधून नवा लगदा मिसळावा लागतो. तरीही एक खोकं पुन्हा पुन्हा जन्म घेऊ शकतं.

आणि जाता जाता एक कोडं: खोक्याला हवेसाठी भोकं पाडतात, ती कोपऱ्यांपासून दूर का असतात? उत्तर वरच दडलंय. शोधा पाहू!