प्रेरणा कोणाची, परंपरा कोणाची?

चित्रकार परमुलखात जातो, महिना-दोन महिने राहतो, परततो आणि प्रदर्शन भरवतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रवासातून स्फुरलेली चित्रे’ असे छापलेले असते आणि समीक्षक त्या स्फूर्तीचे गोडवे गातात. याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या व्यवहारातील दुहेरी मापाला. शहरी चित्रकार आदिवासींकडे गेला की ती ‘प्रेरणा’ ठरते. आदिवासी चित्रकाराने परका मुलूख रंगविला, तर त्याचे काम मात्र ‘परंपरा’ म्हणून हस्तकलेच्या कपाटात ठेवले जाते.

या प्रघाताचे मूळ जुने आहे. पॉल गोगँ १८९१ मध्ये ताहितीस गेला आणि १८९३ मध्ये पॅरिसला द्युराँ-र्युएल यांच्या दालनात त्याने तेथील चित्रांचे प्रदर्शन भरविले. ज्या अस्पर्श जगाच्या शोधात तो निघाला होता, ते त्याला तेथे सापडले नाही. ताहिती तोवर फ्रेंच वसाहत झाली होती आणि मिशनऱ्यांनी तेथील पोशाख व पूजाअर्चा बदलून टाकली होती. जे दिसले नाही, ते त्याने पुस्तके, छायाचित्रे आणि कल्पना यांच्या आधारे रचले. त्याच्या रंगांची थोरवी मान्यच आहे. तथापि ताहितीच्या माणसांना पॅरिसविषयी काय वाटते, हे विचारावे असे त्या दालनातील कोणास सुचले नाही.

आता उलट दिशेचा प्रवास पाहा. मध्य प्रदेशातील पाटणगढचे परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम २००२ मध्ये लंडनला गेले, ते एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी. त्या दोन महिन्यांतून ‘द लंडन जंगल बुक’ हे चित्रांचे पुस्तक २००४ मध्ये सिद्ध झाले. त्यात बिग बेनचे घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, विमान उडणारा हत्ती झाले आहे, ३० क्रमांकाची बस इमानी कुत्रा झाली आहे आणि सायंकाळी पबमध्ये जमणारे इंग्रज वटवाघळे झाले आहेत. हा परक्या संस्कृतीचा विनोदी, सहृदय आणि स्वतंत्र बुद्धीने घेतलेला वेध आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही आपल्या समीक्षेत त्यांचे नाव लोककलेच्या प्रकरणातच येते. प्रवासी आधुनिक चित्रकारांच्या पंगतीत त्यांचे पान मांडले जात नाही.

प्रवासही सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. भज्जूंचे काका जनगढसिंह श्याम, ज्यांच्यापासून ही चित्रशैली कागदावर आणि कॅनव्हासवर आली, ते जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढण्यास गेले असता जुलै २००१ मध्ये त्यांनी तेथेच आत्महत्या केली. त्यानंतर पुढच्याच वर्षी पुतण्या परदेशी निघाला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या हसऱ्या कोंबड्यामागचे धैर्य कळते.

समानतेने वागणे अशक्य नाही. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि आपल्या डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन गेले होते. प्रदर्शनाच्या नावात ‘संवाद’ हा शब्द होता आणि त्यापुढे दोघांचीही नावे होती. एक कलावंत आणि दुसरा त्याचा विषय, अशी विभागणी तेथे नव्हती.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे. दिवाळीत दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घातलेले गुस्साडी नाचतात आणि पाहुणे चित्रकार चार दिवसांत वह्या भरून नेतात. पुढे शहरातल्या भिंतीवर ‘गुस्साडी’ लागतो, पण त्याला नाव नसते. मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते निवर्तले. या नृत्याला नावगाव असलेला माणूस असतो, एवढे तरी त्यांच्यामुळे आपणांस कळावयास हवे होते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील परधान तर घरी मराठी बोलतात आणि गोंडांच्या कथा किकरीवर गोंडीत गातात, असे हायमेंडॉर्फ यांनी १९४८ च्या ग्रंथात नोंदविले आहे. म्हणजे हे परके कोणी नव्हेत. आपलेच भाषाबंधू आहेत.

यावर ‘कला सर्वांची असते, तिला कुंपण घालू नये’ असे उत्तर नेहमी येते. उत्तर गोड आहे, पण कुंपण घातले आहे कोणी? ज्यांची चित्रे स्वाक्षरीसह विकली जातात त्यांना हे तत्त्व सोयीचे आहे. ज्यांचे टोप, ठिपके आणि कथा निनावी उचलल्या जातात त्यांना नाही. कला सर्वांची असेल, तर नाव, मोबदला आणि प्रवासखर्चही सर्वांचा असला पाहिजे.

म्हणून कलासंस्थांना माझ्या तीन सूचना आहेत. प्रवासचित्रांच्या प्रदर्शनात, ज्यांना पाहून चित्रे काढली त्यांची नावे त्यांच्या संमतीने सूचिपत्रात छापावीत. विक्रीतील वाटा त्यांना द्यावा. आणि जी शिष्यवृत्ती शहरी चित्रकाराला खेड्यात पाठविते, तितकीच रक्कम खेड्यातील चित्रकाराला शहरात पाठविण्यासाठी राखून ठेवावी. मार्लवाईच्या मुलीने महिनाभर मुंबई पाहून काय रंगविले, याचे प्रदर्शन ज्या दिवशी भरेल, त्या दिवशी ‘प्रेरणा’ हा शब्द आपल्या तोंडी शोभेल.