पाद्रीचा झगा कुणासाठी?

गोव्यातील पेडणे आणि डिचोली पोर्तुगीज अमलाखाली आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे सासष्टी-बारदेशसारखी कॅथलिक वस्ती इथे दाट नाही. नेमक्या अशा तालुक्यांत पाद्रींनी पांढऱ्या झग्यात वावरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मडगावात पाद्रीला चेहऱ्याने ओळखणारे पुष्कळ भेटतील. इथल्या बाजारात वा इस्पितळात एकट्या पडलेल्या कॅथलिकाला तो झग्यावरूनच ओळखता येतो आणि हक्काने थांबवता येतो. 1983 च्या चर्च-कायद्याचे 284 वे कलमही स्थानिक रीतीला धरून साजेसा वेश घालायला सांगते.

संत जुझे वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले, मग झग्याचा आग्रह कशाला, असे कुणी विचारील. पण तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. वेश लपवल्याशिवाय सेवाच अशक्य होती. गोव्यात तशी अडचण नाही. झग्याने अधिकाराचा तोरा येतो, ही शंका अधिक गंभीर आहे आणि ती झटकून टाकू नये. तरीही साध्या शर्टातला पाद्री गर्दीत मिसळून जातो, झग्यातल्याच्या वागण्यावर मात्र साऱ्या गावाची नजर असते. पावसात दुचाकीवरून जाताना किंवा शेतात राबताना सवलत जरूर असावी. आजाऱ्याच्या भेटीला, अंत्यविधीला आणि सरकारी कचेरीत नसावी.